धबधबा वजा केला तेव्हा

या, जवळ सरका. दाराशी कशाला बसता, हिकडं सतरंजीवर या. महाराज अजून चहा घेऊन राहिलेत, मृदंगाला कणीक लावणं चाललंय. तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगते. गूगलवर कसं शोधावं याची गोष्ट आहे. पण भिऊ नका, हिच्यात देवही हाय.

आमच्या लातूरच्या गल्लीत चंद्रप्पा राहतात. सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. शिवकीर्तनात माणिकप्पा महाराजांच्या मागं उभं राहून चाल म्हणायचे. महाराज निरूपण करता करता थांबायचे, हात मागं करायचे, की आप्पा अभंग उचलायचे. मांडवाच्या मागं दंगा करणारी लेकरंसुद्धा गप्प व्हायची असा आवाज. मग घशाचा आजार निघाला. वर्षभर खोकला, शेवटी ऑपरेशन. जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्याशी श्वासाचं भोक आहे, त्यावर मलमलचं फडकं बांधतात. बोलायचं ते नुसतं ओठांनी. त्यांच्या घरच्या गौरम्मा ते ओठ वाचतात, पाठोपाठ शिवानीही शिकली. आम्ही बाकीचे हातवाऱ्यांवर भागवतो.

आवाज गेल्यावर आप्पांनी टाळ मठात देऊन टाकले. कीर्तनाला येणं सोडलं. घरात कुणी भजन लावलं की पायात चप्पल घालून बाहेर.

शिवानी म्हणजे त्यांची नात. नांदेडला ग्रंथालयशास्त्र शिकते. सुटीला घरी आली तेव्हा गौरम्मांनी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"शिवानी, तुझ्या त्या फोनात आप्पाचं गाणं सापडंल का गं?"

"आज्जी, आपल्याकडं एकपण रेकॉर्डिंग न्हाई?"

"व्हतं, जुन्या टेपात. कॅसेट गुतली अन् गेली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी लई याद करते बाई. डोळे मिटून बसते. पण आवाज आठवायला गेलं की खोकलाच ऐकू येतो. सगळं आयुष्य त्या आवाजासंगं काढलं, अन् डोक्यात शेवटी खोकला ऱ्हायला."

तिनं लगेच फोन काढला.

"पण आप्पाला सांगू नको," गौरम्मा म्हणाल्या. "त्यांला लागंल."

झालं, चोरून शोध सुरू. आप्पा पाराकडं गेले की आजी-नात चुलीपाशी.

"नाव सांग, आज्जी."

"मी कसं घेऊ त्यांचं नाव? तूच टाक की."

चंद्रप्पा म्हणून टाकलं तर किराणा दुकानं, लग्नाच्या पत्रिका, कुठल्या कुठल्या गावचे सरपंच. शिवानीनं नाव आणि आडनाव मिळून अवतरणचिन्हात घातलं. म्हणाली, "असं केलं की गूगल हे शब्द तोडत न्हाई. जसेच्या तसे, एकाला एक लागून असलेलेच आणतं." तरी दुसरेच चंद्रप्पा. मग माणिकप्पा महाराजांचं नाव टाकलं. शेकड्यानं कीर्तनं आली, पण त्यांत मागं नवे गायक. शिवानीनं तारखेची अट घातली, आप्पांचा आजार निघाला त्याच्या आधीचंच दाखव म्हणून. मग फक्त यूट्यूबच बघ अशी अट. त्यातनं नको ते शब्द वजाचं चिन्ह लावून गाळत गेली.

"म्हंजे तांदळातले खडे निवडल्यागत," गौरम्मा म्हणाल्या.

"हाव. फक्त हितं पातेलं लई मोठं हाय."

सुटी संपत आली तरी आप्पा काही सापडेनात. चूक कुठं होत होती, ते आपल्यासारख्या कीर्तनवेड्यांनी तरी ओळखायला पाहिजे. पाटीवर नाव महाराजांचं असतं. चाल म्हणणाऱ्याचं नाव कोण लिहितंय? आपण सगळे डोळे मिटून त्यांच्या सुरावर डोलतो, अन् घरी जाताना म्हणतो, महाराज काय बोलले!

एका दुपारी दोघी परातीवर फोन धरून बसल्या होत्या. शिवानी म्हणत होती, "आज्जी, एखादा दुसरा शब्द सांग. कुठलं गाव, कुणाचं घर, कायपण." तेवढ्यात दारात सावली पडली. आप्पा! गौरम्मांनी घाबरून फोन ज्वारीच्या पिठात खुपसला.

आप्पा आत आले. पिठातनं फोन काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि बघितलं. पडद्यावर त्यांचंच नाव. त्यांनी दोघींकडं पाहिलं. ओठ हलले.

शिवानी हसू दाबत आजीला म्हणाली, "आप्पा म्हणतायत, मला काय गूगलवर हुडकता, मी हितंच हाय की घरात."

गौरम्मा हसल्या नाहीत. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून म्हणाल्या, "घरात तर हाव तुमी. पण तुमचा आवाज माझ्याजवळ न्हाई. मला तो आठवंना झालाय. तुमाला राग येऊ द्या, मी हुडकनारच."

आप्पांच्या गळ्याचं फडकं श्वासासंगं आतबाहेर होत होतं. शिवानीला वाटलं, आता चप्पल घालतील. पण ते खाली बसले. परात पुढं ओढली, तळहातानं पीठ सारखं केलं आणि बोटानं लिहिलं: लक्ष्मीबाई. इस्लापूर.

मग ओठांनी, हातांनी, कधी पिठात लिहून सगळं सांगितलं. पुण्यस्मरणाच्या कीर्तनाला गेलं की आप्पा आधी घरच्यांना विचारायचे, कुणासाठी गायचंय? फोटोला विभूती लावून मगच उभे राहायचे. म्हणून त्यांना कीर्तनं महाराजांच्या नावानं आठवत नाहीत, गेलेल्या माणसांच्या नावानं आठवतात. इस्लापूरला रामकिशन नावाच्या शेतकऱ्यानं आईच्या पहिल्या वर्षाला कीर्तन ठेवलं होतं. आप्पा पुढं पोचले, महाराजांची जीप मात्र वाटेत भोकरला बंद पडली. मांडव माणसांनी भरलेला. तेव्हा महाराज येईपर्यंत आप्पा एकटेच गात राहिले. रामकिशननं ते फोनवर घेतलं होतं आणि निघताना म्हणाला होता, आप्पा, हे मी आईच्या नावानं यूट्यूबला टाकतो.

"अन् तुमी इतके दिस सांगितलं न्हाई?" गौरम्मा उसळल्या.

आप्पांनी खांदे उडवले. ओठ हलले. गौरम्मांनी कपाळाला हात लावला, तर कपाळभर पीठ. "म्हणतेत, तू विचारलं न्हाईस."

शिवानीनं टाकलं, अवतरणचिन्हात लक्ष्मीबाई, अवतरणचिन्हात इस्लापूर. आणि काय आलं? पाणी! इस्लापूर म्हटलं की जो तो सहस्रकुंडाचा धबधबा घेऊन बसलेला. धबधब्यापुढं सेल्फी, धबधब्यापुढं नवरानवरी, ड्रोननं काढलेला धबधबा.

"हितं तर लक्ष्मीबाई बुडाल्या!" गौरम्मा म्हणाल्या.

शिवानीनं वजाचं चिन्ह दिलं आणि त्याला चिकटून, मधे जागा न सोडता, धबधबा लिहिलं. परत वजा, सहस्रकुंड. पुढं पुण्यस्मरण शब्द जोडला. बोट टेकवलं.

सगळं पाणी गेलं. एकच ओळ उरली: आमची आई कै. लक्ष्मीबाई, प्रथम पुण्यस्मरण, इस्लापूर, भाग १. ना महाराजांचं नाव, ना आप्पांचं.

लावलं. आधी मांडवातला गलका, कुणाचं तरी लेकरू रडतंय, कुणीतरी म्हणतंय, "पाणी फिरवा रे." मग टाळ वाजला आणि आप्पांचा आवाज उठला.

गौरम्मांनी पदर तोंडाला लावला. आवाज वर चढला, एका जागी थरथरला, सावरला, तेव्हा हळूच म्हणाल्या, "हां. ह्योच. हितं असंच करायचे. श्वास घ्यायचं ध्यानात ऱ्हात नव्हतं तुमाला."

आप्पांनी स्वतःला कधी बाहेरनं ऐकलंच नव्हतं. त्यांची मान खाली होती. पण शिवानीनं बघितलं, आजोबांची पिठानं भरलेली बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती, आणि धृपद आलं की ओठ हलत होते. बरोबर त्याच शब्दांवर. गौरम्मांचं लक्ष आता फोनकडं नव्हतंच. त्या समोरच्या ओठांकडं बघत होत्या, आणि ऐकू येत होतं ते त्या ओठांतूनच.

अभंग संपला. शिवानीनं विचारलं, "आज्जी, परत लावू?"

"थांब," गौरम्मा म्हणाल्या. "आधी त्या बाईचं तोंड दाव."

शिवानीनं व्हिडिओ मागं नेला. आप्पांच्या शेजारी पाटावर एक फोटो होता. झेंडूचा हार, बारीकशी बाई, डोक्यावर पदर, फोटो काढायच्या धास्तीनं मोठे झालेले डोळे. गौरम्मांनी हात धुतले. विभूतीचं बोट फोनच्या काचेवर, तिच्या कपाळाशी टेकवलं.

"बाई," हात जोडून म्हणाल्या, "शरणार्थ. माझं माणूस तुमी जपून ठिवलंत."

आप्पा उठून बाहेर गेले नाहीत. त्यांनी हातानं खूण केली, लाव परत.

ऐका, मृदंग जुळला वाटतं. एवढंच मागणं आहे माझं. इस्लापूरच्या लक्ष्मीबाईंना आपण कुणी पाहिलं नाही. तरी उद्या सोमवारी दिव्याला वात लावाल, तेव्हा घरच्या माणसांसंगं तिचंही नाव घ्या.