डाव्या गुडघ्याचे आभार

आंबवड्याच्या सावळारामला राग यायला कारण लागत नसे. एस.टी. उशिरा आली तर ड्रायव्हरवर राग, आणि वेळेवर आली तर आपल्याला धावायला लावलं म्हणून त्याच ड्रायव्हरवर राग. म्हशीनं शेपटी मारली तर म्हशीवर, आणि म्हैस गप उभी राहिली तर ती आजारी पडली की काय म्हणून अंबूबाईवर. अंबूबाई त्याची बायको. गावभरचे राग फिरून फिरून शेवटी तिच्याच दारात मुक्कामाला यायचे. तिनं त्यांची सवय करून घेतली होती, चुलीच्या धुराची करून घेतात तशी.

मग भोरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, मशीन बदलून मोजला आणि गोळी लिहून दिली. वर म्हणाल्या, "आजोबा, गोळीनं निम्मं काम होईल. उरलेलं तुमचं तुम्हालाच करायचंय. राग कमी करा."

सावळारामला तिथल्या तिथं राग आला.

उपाय काढला तो सुनेनं. नूतन बचत गटाच्या शिबिराला गेली होती. तिथं एका मॅडमनी सांगितलं होतं की रोज संध्याकाळी, ज्यामुळे आजचा दिवस बरा गेला अशा तीन गोष्टी लिहायच्या आणि त्यांचे आभार मानायचे. माणूस आतून बदलतो. नूतननं दोन संध्याकाळी मोबाईलवर लिहिलं. तिसऱ्या संध्याकाळी पाहुणे आले आणि तिचं बदलणं तिथंच थांबलं. पण शिकलेली गोष्ट वाया कशाला घालवायची? तिनं ती सासऱ्याला लावून दिली. आपल्या लेकीची जुनी पाटी माळ्यावरून काढली, पुसली, आणि पेन्सिलीच्या तुकड्यासकट त्याच्यापुढं ठेवली.

"मामंजी, ह्ये औषधच समजा. जेवनाच्या आधी घ्यायचं."

सावळारामनं आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, पण औषधाचं तो ऐकायचा. त्यानं चष्मा लावला, पडवीत बैठक मारली आणि लिहिलं, "१. वायरमन सांगितल्या दिवशी आला. २. गेनूने बैल बाजूला घेतला. ३. पाऊस थांबला." एवढं लिहायला त्याला आमटी निवेपर्यंत वेळ लागला. अंबूबाईनं ती पुन्हा तापवली.

आत उजेड कमी म्हणून पाटी पडवीच्या खांबाला, बाहेरच्या अंगाला टांगली गेली. सगळा घोटाळा इथं झाला. कारण त्या खांबासमोरनं डेअरीचा रस्ता जातो, आणि सकाळी अख्खं गाव दुधाच्या किटल्या घेऊन तिथनं जातं.

गेनूनं आपलं नाव वाचलं. किटली खाली ठेवून पुन्हा वाचलं. हा शेजारी गेनू, ज्याला सावळारामनं आजवर फक्त शिव्यांतच हाक मारली होती. तो पडवीत चढला, "सावळातात्या, ह्ये काय वो!" म्हणाला आणि तिथंच टेकला. अंबूबाईनं चहा टाकला. तो पाटीपायी टाकलेला पहिला चहा.

महिनाभरात सावळाराम खरोखर बदलला, हे मान्य करायला हवं. रोज लिहायला तीन चांगल्या गोष्टी लागणार, म्हणून तो दिवसभर त्या हुडकत हिंडायचा, आणि हुडकणाऱ्याला ओरडायला सवड होत नाही. एस.टी. उशिरा आली तर "आली तर खरी" म्हणून कंडक्टरचं नाव लिहायचा. रागात बादलीला लाथ मारणं बंद झालं. डॉक्टरीणबाई मशिनीकडं बघून हसल्या.

गावही बदललं. पाटीवर नाव यावं म्हणून माणसं वळणं घेऊन त्याच्या शेतावरून जाऊ लागली आणि जाताजाता बांध नीट करू लागली. कुणी दोडकी आणून दिली, कुणी कोयत्याला धार लावून दिली. पलीकडच्या आळीच्या सोजराबाईनं तर येऊन भांडणच काढलं. आपण ताक दिलं तर आपलं नाव तिसरं, आणि नुसता राम राम घालणाऱ्याचं पहिलं, ही कुठली रीत? ज्याचं नाव लागलं तो दुसऱ्या दिवशी आभार मानायला येई. ज्याचं लागलं नाही तो आठवण द्यायला येई. दोघांनाही चहा लागायचा.

चहा कोण करायचं ते सांगायला नकोच. डेअरीला घालायच्या दुधातला तांब्या मागं राहू लागला, आणि अंबूबाईचा सकाळचा वेळ चुलीपुढंच जाऊ लागला. गडी इतका निवळला, इतका गोड झाला, की तिला पूर्वीपेक्षा दुप्पट काम पडू लागलं.

आणि तिचं नाव मात्र पाटीवर येत नव्हतं.

आधी तिनं लक्ष दिलं नाही. येईल म्हणाली. मग ती रोज अंगण झाडताना खांबापाशी जरा जास्तच झाडू लागली. तिला वाचता येत होतं. हळू, एकेका अक्षराला धरून, पण येत होतं. पाटीवर वायरमन आला, पोस्टमन आला, वरंध्याच्या घाटात टेम्पो बंद पडला तेव्हा दगड लावणारा कुणी अनोळखी पोरगा आला. म्हैस दोनदा आली. अंबूबाईला स्वतःची लाज वाटायची. ह्या वयात पाटीवर नाव हवं म्हणे! पण लाज वाटली म्हणून हवं असणं थोडंच थांबतं? तिला ते हवं होतं, धडधडीत हवं होतं. एकदा तिनं मुद्दाम पुरणपोळी केली. त्या संध्याकाळी त्यानं तृप्त होऊन ढेकर दिला आणि लिहिलं, "१. गूळ चांगला निघाला."

तरी ती अंगण झाडत राहिली. मग एके सकाळी तिनं वाचलं, "३. डाव्या गुडघ्याने आज त्रास दिला नाही. त्याचे आभार."

केरसुणी तिथंच पडली. ती तरातरा गोठ्यात गेली.

"अवं, त्या गुडघ्याला रोज राती त्याल कोन चोळतं?"

सावळाराम म्हशीपुढं वैरण टाकत होता. "तू."

"आन् आभार गुडघ्याचं?"

"थांबला ना त्यो दुखायचा."

"सगळा गाव झाला त्या पाटीवर. म्हैस झाली. गूळ झाला. आता तुमचं गुडघं व्हायला लागलं. मी मेले का हितं?"

पूर्वीचा सावळाराम असता तर गोठ्याचं छप्पर उडालं असतं. आताच्यानं पेंढी खाली ठेवली आणि शांतपणे समजावून सांगितलं. तिला ते जास्तच लागलं.

"अगं, आभार परक्याचं मानत्यात. आपल्या मानसाचं कुनी मानतं व्हय? उद्या म्हनशील, जेवल्यावर आपल्याच हाताला थँक्यू म्हना. मी तुझं नाव लिवलं तर लोक म्हनतील, सावळ्यानं बायकूला परकं केलं."

"गुडघा परका हाय?"

"त्यो हल्ली ऐकत न्हाई माझं," सावळाराम म्हणाला.

खोटंही नव्हतं त्याचं. तिच्या सासूला उभ्या जन्मात कुणी आभार म्हटलं नव्हतं, आईलाही नाही. घरात पाणी दिलं तर तांब्या परत करतात, आभार नाही मानत. अंबूबाईला हे सगळं पटत होतं, आणि पटूनही ते नाव हवंच होतं. "मंग मला परकी करा," ती म्हणाली. "एक दिस करा. म्हंजे तरी माझं नाव निघंल तुमच्या हातनं." आणि ती घरात निघून गेली.

त्या दिवशी गेनू चहाच्या वेळेला आला, तर आतून आवाज आला, "च्या घरनं पिऊन या भावजी." गेनूनं सावळारामकडं पाहिलं, सावळारामनं छपराकडं पाहिलं.

संध्याकाळी पाटी कोरी राहिली. दुसऱ्या संध्याकाळीही. सावळाराम पेन्सिल हातात धरून बसायचा आणि जेवायला उठायचा. नूतन काळजीत पडली. खंड पडला तर सगळं पहिल्यापासनं सुरू करावं लागतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. "आत्या, तुमी तरी बोला त्यांच्याशी." अंबूबाई भाकरी थापत राहिली. भाकरी तव्यावर जरा जोरातच पडली.

मग आली ती सकाळ. अंबूबाई धारा काढून आली तेव्हा रस्त्यावर खांबासमोर माणसं थांबत होती, वाचत होती आणि आत न येता पुढं जात होती. गेनू तेवढा थबकला. "वयनी, बरं हाय न्हवं?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता किटली हिंदकळत पळाला. तिला वाटलं, आपण चहा बंद केल्याचा राग आला असेल मंडळींना.

उन्हं वर आली नाहीत तोवर तिकडं वेल्ह्याकडच्या मार्गासनीहून लेकीचा, मोहिनीचा, फोन आला. आंबवड्यात काय घडलं ते मार्गासनीला आधी कळतं, मोबाईलचे दिवस आहेत.

"आये, कोन ही रत्ना?"

"कोन रत्ना?" अंबूबाईनं विचारलं. तिला खरंच कळलं नाही.

"पाटीवर लिवलंय म्हनं बाबांनी! सगळ्या गावाला ठावं हाय. आये, तू बस बरं खाली. पानी पी."

अंबूबाई पाणी प्यायली नाही. ती बाहेर गेली, खांबासमोर उभी राहिली आणि एकेक अक्षर धरून वाचू लागली.

"१. रत्ना, हिर्डोशी. २. तीच. ३. तीच."

पहिल्या ओळीवर ती बराच वेळ अडकली. हिर्डोशीत आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आईबाप गेले. भाऊ धाकटा, तो आक्का म्हणायचा. हळद लागेपर्यंत ती रत्ना होती. मग ताटात तांदूळ पसरले, नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात अंबू असं लिहिलं, आणि रीतीप्रमाणे रत्ना तिथं संपली. ते तांदूळ नंतर शिजवले होते की काय झालं, ते तिला कधी कळलं नाही. पोरांना तिनं हे सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलंच नव्हतं.

सावळाराम पडवीतच होता. आपल्या डाव्या गुडघ्याकडं बघत होता.

"तुमच्या ध्यानात हाय?" तिनं विचारलं.

"म्याच खोडलं न्हवं का त्ये," तो म्हणाला. मग खाकरला. "अंबू माझी हाय. तिचं आभार मला मानता यायचं न्हाईत, तू काय बी म्हन. पर हिर्डोशीची रत्ना परकी हुती. माझं तिचं काय नातं? वळख न्हाई, पाळख न्हाई. एवढ्या लांबनं आली, ऱ्हायली, आन् जन्मभर माझ्या शिव्या खाल्ल्या. तिचं मानलं. तिचं मानायला कुनाची ना न्हाई."

त्यानं हे पिकाबद्दल बोलावं तसं सांगितलं. अंबूबाईला रडू आलं. तिनं पदर लावला नाही की तोंड फिरवलं नाही, उभ्याउभ्या रडली. तो उठला, आत गेला, आणि बराच वेळ डबे उघडझाप केल्यावर आतून ओरडला, "साखर कुठं असती?"

चहा झाला. गोड मिट्ट होता आणि दूध उतू घालवलेलं होतं. ती तो पीत पायरीवर बसली असतानाच सोजराबाई दोघीतिघींना घेऊन आली. मयताला येतात तशा त्या आल्या, हळू पावलांनी, आणि तिच्याभोवती बसल्या.

"अंबूआक्का," सोजराबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, "आमाला समदं कळलं. म्हातारपनी ही असली थेरं! आन् वर पाटीवर लिवायचं? तीनदा?"

"तीनदा लिवलंय," अंबूबाई म्हणाली.

"तुला ठावं हाय व्हय ती बाई?"

"हाय की. हिर्डोशीची हाय."

"कशी हाय?"

अंबूबाईनं विचार केला. "चांगली हाय. लई राबली बिचारी. कुनी नाव घेतलं न्हाई तिचं."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. सावळाराम दुसरा चहा टाकत होता. सोजराबाईला राहवेना.

"अगं, पर तुला काय वाटत न्हाई का?"

"वाटतं की," अंबूबाई म्हणाली. "लई बरं वाटतं."