बिनशिट्टीचा केक

सावळीरामांनी कुकरच्या झाकणावरची शिट्टी उपटली, रबराची रिंग काढली आणि दोन्ही वस्तू ओट्यावर नातीसमोर ठेवल्या.

"आता हा कुकर नाय," ते म्हणाले. "हे नुसतं जाड पातेलं हाय. तुझ्या आईनं कुकर लावू नका म्हणून सांगितलंय. पातेल्याचं ती काय बोलली नाय."

हर्षालीला हे लगेच पटलं. ती पहिलीत होती, पुढचे दोन्ही दात पडलेले होते, आणि आबांचं म्हणणं पटवून घ्यायला ती एका पायावर तयार असे.

कुकरवर बंदी आली ती मंगळवारच्या प्रकारानंतर. हर्षाली शाळेत होती. वरणाचा कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला, पाणी आटलं, डाळीचा कोळसा झाला, आणि खालच्या विमलाबाई धापा टाकत वर आल्या तेव्हा सावळीराम बाहेरच्या खोलीत निवांत पेपर वाचत होते. संध्याकाळी त्यांनी सुनेला सांगितलं, जरा डोळा लागला होता. अंजली रागावली नाही. द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ती दिवसभर ड्रायव्हरांशी फोनवर ओरडायची, त्यामुळे घरी तिचा आवाज सहसा चढत नसे. तिनं एवढंच ठरवलं, की सोमवारपासून शाळा सुटली की हर्षाली पाळणाघरात जाईल. सावळीरामांचा मुलगा विंचूरला कामाला होता, दिवस मावळल्यावरच घरी उगवायचा. तोही हो म्हणाला.

खरं कारण घरात फक्त हर्षालीला ठाऊक होतं. सातपूरच्या कारखान्यात प्रेसमशीनपुढे सावळीरामांचं उभं आयुष्य गेलं होतं आणि त्या धडधडीनं त्यांचे कान हळूहळू खाऊन टाकले होते. दाराची बेल वाजली की हर्षाली त्यांचा सदरा ओढायची. कुकर लावला की शिट्ट्या मोजून बोटं दाखवायची. बोलायची ती त्यांच्यासमोर येऊन, म्हणजे ओठांवरून त्यांना कळायचं. हे कुणाला सांगायचं नाही असं आबा तिला कधी म्हणाले नव्हते. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

दुपारी ती नसली तर घर खायला उठेल, हे सावळीरामांना पक्कं माहीत होतं. म्हणून हा केकचा घाट. शनिवारी अंजली लवकर यायची. तिच्या हातात गॅसवर केलेली आणि न करपलेली एक वस्तू ठेवायची, एवढाच बेत होता. पुढचं पुढे.

रवा, दही आणि पिठीसाखर त्यांनी मोठ्या परातीत घेतलं. हर्षालीनं बाह्या वर सारून दोन्ही हात आत घातले.

"चमच्यानं ढवळतात, आबा."

"हातानं गुठळी कळते. फोड."

ती फोडत बसली. रवा फुगेपर्यंत सावळीरामांनी दिंडोरीच्या भावानं पाठवलेल्या मनुका काढल्या. त्या टाकायचं काम हर्षालीनं आपणहून घेतलं, एक परातीत आणि एक तोंडात या हिशेबानं. मग तूप, दूध, वेलचीची पूड. शेवटी सोडा पडला तसं पीठ फसफसून वर आलं आणि ती खिदळली. तिच्या कोपरापर्यंत रवा होता, केसांत होता, आबांच्या चष्म्यावरही होता.

केकचं भांडं घरात नव्हतं. सावळीरामांनी माळ्यावरून आपला कारखान्याचा डबा काढला, लांबट, एका कोपऱ्यात चेपलेला. त्यात वर्षानुवर्षं भाकरीच गेली होती. आज त्याला आतून तूप लागलं. कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यावर डबा ठेवला, झाकण लावलं, गॅस बारीक केला.

"किती शिट्ट्या?" हर्षालीनं सवयीनं विचारलं.

"एकबी नाय."

"मग कळणार कसं?"

शिट्ट्यांचं खातं तिचं होतं, त्यामुळे तिचा चेहरा पडला. सावळीरामांनी नाकावर बोट ठेवलं.

"हे अजून शाबूत हाय."

दोघं गॅसकडे तोंड करून फरशीवर बसले. सावळीराम डोळे मिटून वास घेत होते आणि मधूनमधून खबर देत होते. आधी नुसतं दही. मग दूध आटल्यासारखा वास. मग तूप.

"आता काढायचा?" हर्षालीनं त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि ते डोळे उघडून बघायला लागल्यावर विचारलं.

"नाय. अजून गोडाला रंग चढला नाय."

रंगाचा वास कसा येतो हे हर्षालीनं विचारलं नाही. तीही डोळे मिटून हुंगत राहिली. सावळीरामांना फार बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांत एखादी गोष्ट त्यांना दुसऱ्या कुणाच्या आधी कळत होती.

अंजलीला वास जिन्यातच लागला होता. किल्लीनं दार उघडून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली, तर कुकर गॅसवर, आणि आजोबा-नात त्याच्यापुढे मांडी घालून, तिच्याकडे पाठ करून.

"बाबा," ती म्हणाली.

सावळीराम हलले नाहीत.

"बाबा, मी काय सांगितलं होतं?" यावेळी ऑफिसातला आवाज लागला.

ते तसेच बसून राहिले. हर्षालीनं डोळे न उघडता हात बाजूला नेला आणि त्यांच्या गुडघ्यावर दोन टिचक्या मारल्या. सावळीराम तत्काळ मागे वळले, तोंडभर हसले.

"आलीस व्हय? बस, झालंच."

पर्स खांद्याला तशीच ठेवून अंजली बघत उभी राहिली. फोन केला की बाबा आधी हर्षालीकडे का देतात, बेलला नेहमी तीच का धावते, हे सगळं तिला त्या दोन टिचक्यांत कळलं, आणि इतके दिवस कळलं नाही याचं वाईट वाटलं.

सावळीरामांनी एकदम नाक वर केलं, उठले आणि गॅस बंद केला. सुरी आत घालून काढली तर ती कोरडी आली. डबा ताटात उलटा केला, वरून थापटला, आणि बदामी रंगाचा लांबट केक अख्खा बाहेर पडला. डब्याचा पोचा त्याच्याही कोपऱ्यात उमटला होता.

निवायची वाट कुणी पाहिली नाही. हर्षालीनं कडेचा तुकडा पळवला.

"छान झालाय," अंजली ताटाकडे बघत म्हणाली. मग थांबली, मान वर केली आणि त्यांच्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "बाबा, छान झालाय."

ती त्यांच्या समोर येऊन बसली.

"डोळा लागला होता असं का सांगितलंत?"

सावळीरामांनी नातीकडे पाहिलं. भरल्या तोंडानं तिनं जोरजोरात मान हलवली, मी नाही.

"झोपाळू म्हातारा घरात चालतो," ते म्हणाले. "बहिऱ्याजवळ पोर कोण ठेवणार?"

अंजलीला भरून आलं. तिनं ते लपवलंही नाही. डोळे पुसून तिनं ओट्यावरची शिट्टी उचलली आणि हर्षालीच्या पिठाळ हातात दिली.

"ही आता तुझ्याकडे. तू घरी असलीस तरच कुकर लागेल." मग सासऱ्यांकडे वळून, एकेक शब्द सुटा करून, "सोमवारी मी सुट्टी घेते. आपण तिघं कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"आणि पाळणाघर?"

"त्यांना कळवते, नको म्हणून."

सावळीरामांनी सुरी घेतली आणि कारण नसताना आणखी एक काप केला.

हर्षालीनं शिट्टी फ्रॉकच्या खिशात टाकली. नवं काम मिळाल्याबरोबर ते करून दाखवावं म्हणून तिनं ओठांचा चंबू केला आणि पडलेल्या दातांच्या जागेतून जोरात फुंकर मारली. नुसता वारा आला, आणि केकचा चुरा.

"ऐकू आली, आबा?"

फुगलेले गाल आणि हलणारे ओठ सावळीरामांनी डोळे भरून पाहिले.

"आली की," ते म्हणाले. "एक झाली."