भिंतीवर ठोकलेलं दार

मागच्या भिंतीत दुसरं दार पाडायला बॅगवालीला सव्वीस दिवस लागले आणि दोन मशिनी विकाव्या लागल्या. तिच्या शेडमध्ये एकतीस बायका परदेशातल्या एका कंपनीसाठी शाळेच्या बॅगा शिवायच्या. कंपनीच्या तपासनिसाने टेप लावून सगळी शेड मोजली आणि सांगितलं, "आग लागली तर एवढ्या बायका एका दारातून बाहेर कशा पडतील? दुसरं दार हवंच." यादीवर खूण केल्याशिवाय तो पाणीसुद्धा प्यायचा नाही, म्हणून बायका त्याला टिकमार्क म्हणायच्या.

बॅगवालीला त्याचं म्हणणं पटलं. उलट, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याची तिला लाजच वाटली. तिने आतून ढकललं की उघडणारं भक्कम लोखंडी दार बसवून घेतलं.

टिकमार्क येऊन खूण करून गेला. आठवड्याने त्याचा फोन आला.

"अभिनंदन बाई, पास झालात. फक्त पुढच्या ऑर्डरला दर दहा टक्के कमी करा."

"का? दार तुमच्या कंपनीनं बसवून दिलं वाटतं?"

"बाजारात स्पर्धा आहे, बाई. माझ्या हातात काय आहे?"

"टेप आहे ना तुमच्या हातात? मग या आणि मोजून सांगा, दहा टक्के कुठून कापू. चेनमधून, की या बायकांच्या पोटातून?"

ऑर्डर गेली. बॅगवालीला एकोणीस बायकांना घरी पाठवावं लागलं. उरलेल्या बारा जणींना घेऊन ती बाजारातल्या दुकानांसाठी पिशव्या शिवू लागली.

ऑर्डर कुणाकडे गेली, तेही लवकरच कळलं. दोन गल्ल्या सोडून तिच्या सख्ख्या दिराची शेड होती, तिथे. हा धंदा त्याला तिनेच शिकवला होता. तिच्या जिवाला लागलं, पण तिने तो घोट गिळला. तिने घरी पाठवलेल्या एकोणीस जणींना दिराने कामावर घेतलं होतं; निदान त्यांची चूल तरी पेटेल, असं तिने मनाला समजावलं.

एका दुपारी दिराचं रिव्हेट मारायचं मशीन परत करायला ती त्याच्या शेडमध्ये गेली. खिडक्यांपर्यंत कापडाचे तागे रचलेले होते. पलीकडच्या भिंतीला मात्र हिरवंगार नवं दार होतं आणि त्यावर पाटी होती, 'बाहेर जाण्याचा मार्ग'.

"हे बरं केलंत, भाऊजी," म्हणत तिने दार ढकललं. ते हललं नाही. तिने खांदा लावला.

"वहिनी, हळू! चौकट निघून येईल."

तिने फटीत बोटं घातली. आत विटा लागल्या. दार नुसतं भिंतीवर ठोकलेलं होतं.

"भाऊजी, याच्यामागे भिंत आहे."

"फोटोत कुठं दिसते?"

"टिकमार्कनं बघितलं नाही?"

"तोच म्हणाला, फोटो पाठवा, यायची गरज नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बायकांकडे वळली. सगळ्या तिच्याच होत्या. "उठा! एकीनंही इथं बसायचं नाही."

कुणी उठलं नाही. कापड बेतणारी मावशी तेवढी ओशाळून तिच्याकडे बघत होती. "ताई, आम्ही पहिल्याच दिवशी ढकलून पाहिलं. पण तुमच्याकडे काम कुठंय?"

बॅगवाली तरातरा बाहेर पडली आणि अर्ध्या तासाने पहार, घण आणि आपलं दार बसवणाऱ्या गवंड्याला घेऊन परतली.

दीर आडवा आला. "भिंत माझी आहे! ऑर्डर गेली तर यांना काय तुम्ही पोसणार?"

"खोट्या दारावर मिळालेली ऑर्डर दार खरं झालं म्हणून कशी जाते, ते मलाही बघायचंय. बाजूला व्हा, भाऊजी. आज मी नातंबितं बघणार नाही."

तो हलला नाही. मावशीने मात्र कात्री खाली ठेवली आणि भिंतीलगतचं मशीन ओढायला लागली. मग दुसरी उठली, तिसरी उठली. बायका सगळ्या बाजूंनी पुढे आल्यावर दीर शिव्या देत बाहेर गेला. पहिला घण बॅगवालीनेच घातला. संध्याकाळपर्यंत माणूस सहज जाईल एवढी भिंत उतरली होती आणि पलीकडची गल्ली दिसत होती.

तिथूनच, सिमेंटच्या धुळीने भरलेल्या हातांनी, तिने टिकमार्कला फोन लावला. "आता येऊन ढकलून बघा."

"बाई, पास झालेली जागा वर्षभर पुन्हा तपासत नाहीत," तो म्हणाला. तिने त्याला जे सुनावलं ते ऐकून गवंड्यानेही मान खाली घातली.

ऑर्डर दिराकडेच राहिली. त्याने दार त्या भगदाडात नीट बसवून घेतलं, पण तो वहिनीशी बोलायचा बंद झाला. बॅगवाली पिशव्यांचे नमुने घेऊन अजून दुकानं पालथी घालते. कुणी सहज "दर जरा कमी करा ना" म्हटलं, की तिचा आवाज चढतो. दोन चांगली गिऱ्हाइकं तिने त्यापायी गमावली आहेत.