माझा आवाज बदलला तेव्हा

मित्रांनो, तुम्ही घरात राहता. माझ्या पाठीवर मात्र वर्षातून दोनदा अख्खं घर राहतं. तंबूला लपेटायच्या नमद्याच्या, म्हणजे लोकरीच्या जाड पटाच्या, गुंडाळ्या, तंबूच्या लाल काठ्या, चुलीचं नळकांडं, पेट्या, रजया, एखादं लंगडं कोकरू आणि सगळ्यात वर, कुणाचा पाय लागू नये म्हणून, तंबूच्या माथ्याचं लाकडी चक्र. जूनमध्ये हे घर मी नारिन नदीच्या खोऱ्यातून डोंगरावरच्या कुरणात नेतो आणि सप्टेंबरात खाली आणतो. मी एका किर्गिझ मेंढपाळ कुटुंबाचा ट्रक आहे. वय पन्नाशीला टेकलं आहे.

माझा जन्म फार लांबचा, व्होल्गाकाठच्या कारखान्यातला. तेव्हा मी हिरवागार होतो. आधी गावच्या सामुदायिक शेतीसंस्थेत लोकर आणि ओट वाहिले. पुढे संस्था मोडली, वाटण्या झाल्या. कुणी मेंढ्या घेतल्या, कुणी गोठ्याचे पत्रे. शाम्बेत नावाच्या ड्रायव्हरने मला मागून घेतलं. लोक त्याला हसले. "अरे, मेंढी निदान व्याईल तरी! हा काय देणार तुला?"

शाम्बेत म्हणाला, "हा कुरणावरून घरी आणून सोडेल. तुमची मेंढी सोडते का?"

त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं चाललो.

कुरणाच्या वाटेवर एक लाल मातीचं वळण आहे. त्याच्यावरच्या टेकाडामागे साल्किन अपा एकटी राहते. अपा म्हणजे आईसारखी बाई, सगळे तिला तसंच हाक मारतात. शाम्बेत मात्र वहिनी म्हणतो, कारण तिचा नवरा त्याला थोरल्या भावासारखा होता. अपाचं घर रस्त्यावरून दिसत नाही आणि तिच्या डोळ्यांनाही आता फारसं दिसत नाही. पण मी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत चढ चढायला लागलो किंवा गुरगुरत उतरायला लागलो, की तिच्या कानावर जायचं. मी वळणावर पोचेपर्यंत ती ताकाची बादली घेऊन रस्त्यावर उभी. घर हलवणाऱ्याला दारावरून कोरड्या तोंडाने जाऊ द्यायचं नाही, हा तिचा नेम. शाम्बेत कधी हॉर्न वाजवायचा नाही. वडीलधाऱ्या माणसाला काय भोंगा वाजवून बोलवायचं? वर्षातून दोनदा ताक प्यायचं, आशीर्वाद घ्यायचा आणि निघायचं. एवढीच ती भेट. पण मी तिच्यासाठी चढ चढत असे, हे खरं.

मागच्या वर्षीच्या सप्टेंबरात शाम्बेत तिथे उतरला तेव्हा खोकत होता. ताक पिता पिता थांबला, परत खोकला. अपाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याला डोंगर बंद केला. चावी त्याच्या मुलाकडे, एर्निसकडे आली. मुलगा गुणी आहे, त्याला नावं ठेवणार नाही मी. पण मी पेट्रोल फार प्यायचो आणि चढावर तीनदा तापायचो. एर्निसने ठरवलं, याला घरीच नवा करायचा. अंगणात तीन ओंडक्यांची तिकाटी उभी केली, साखळीची पुली टांगली आणि एका मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन माझ्यात बसवलं. त्यासाठी माझं जुनं इंजिन उचललं, ते दिवसभर हवेत लोंबत होतं. मित्रांनो, स्वतःचं काळीज असं समोर टांगलेलं पाहावं लागणं फार वाईट. संध्याकाळी ते खुराड्यामागे नेऊन ठेवलं. आठवड्याभरात कोंबड्या त्यावर बसायला लागल्या.

बाकीचंही केलं त्याने. कुजलेल्या फळ्या काढून नव्या ठोकल्या, ब्रेकचे पाइप बदलले, लख्ख दिवे लावले, मला निळा रंग दिला. एर्निसची बायको नुरजमाल सीटला रजईचं कापड शिवत होती. शाम्बेत काठी टेकत आला, बॉनेटला कान लावून उभा राहिला.

"ट्रक आहे की ट्रॅक्टरचा जावई?"

"बाबा, निम्म्या तेलात जाईल हा."

"जाईल रे. पण खोकतोय माझ्यासारखा." मग म्हणाला, "वळणावर वहिनीला सलाम सांग माझा. विसरू नकोस."

गावाने माझं कौतुक केलं. पोरांनी दिवे लावून पाहिले. मी ते सगळं परक्याच्या लग्नात उभं राहिल्यासारखा ऐकत होतो.

जूनमध्ये घर पाठीवर घेऊन निघालो. लाल वळणाचा चढ आला. मी एकदाही तापलो नाही. धडधड धडधड करत वळणावर पोचलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. एर्निसने गाडी हळू केली, टेकाडाकडे पाहिलं. हॉर्न वाजवायचा प्रश्नच नव्हता. वर ढग दाटले होते, नमदा भिजला असता.

"लेकीकडे गेली असेल शहरात," तो म्हणाला. "उतरताना भेटू."

मला तोंड असतं तर ओरडलो असतो की ती घरातच आहे, तिने फक्त ट्रॅक्टर ऐकला! पण माझ्याकडे जो आवाज होता तो तिच्या ओळखीचा नव्हता. तो उन्हाळा मी कुरणाच्या कडेला एकटा उभा होतो. भोवती मेंढ्या, माणसं, चुलीचा धूर, सगळं होतं. तरी एकटा.

सप्टेंबरात उतरलो तो दिवस गुरुवार होता. वळणावर रस्ता पुन्हा मोकळा. एर्निस पुढे काढणार, एवढ्यात नुरजमालने त्याचा दंड धरला. "थांब. वास येतोय."

"कसला? ब्रेकचा?"

"गरम तेलाचा. टेकाडामागून येतोय. अपा घरी नाही म्हणत होतास ना? मग तळतंय कोण?"

दोघं चढून गेले. बऱ्याच वेळाने अपाला दोन्हीकडून धरून खाली घेऊन आले. ती रडत होती की हसत होती, मला कळेना.

"चौदा गुरुवार!" ती म्हणत होती. "चौदा गुरुवार मी तुझ्या बापाच्या नावाने सात सात पोळ्या तळल्या. गेलेल्या माणसाला तेवढाच तेलाचा वास पोचतो ना! जून सरत आला, ट्रक आला नाही. एका मेंढक्याला विचारलं. तो म्हणाला, शाम्बेतचा हिरवा ट्रक काही दिसला नाही, कुणाचा तरी निळा गेला. मग मी काय समजायचं? खोकत गेला होता तो!"

"बाबा ठणठणीत आहेत, अपा. काल फोनवर मला शिव्या घातल्या."

"मग माझ्या दुवा कुणाच्या खात्यावर गेल्या रे?" असं म्हणून ती मटकन माझ्या पायरीवर बसली. तिने हाताने माझी फळी चाचपली, बॉनेट चाचपलं. "हा तोच?"

"तोच, अपा. फक्त इंजिन बदललं."

"फक्त," ती म्हणाली.

अपा उठली. "मी वर घरात जाऊन बसते. तू खालच्या पुलापासून हा चढ चढून ये. मला ऐकू दे."

पाठीवर भरलेलं घर घेऊन मी पुलापर्यंत उतरलो आणि परत चढलो. रस्ता मोकळाच. नुरजमाल टेकाडावरून ओरडली, "अपा म्हणतात, अजून एकदा!" दुसऱ्यांदाही तेच. कुराणातली ओळ पाठ करावी तशी ती मला पाठ करत होती. तिसऱ्यांदा मी वळणावर आलो तेव्हा ती रस्त्यावर उभी होती.

त्या दिवशीच्या सात पोळ्या तिने फडक्यात बांधून दिल्या. "ज्याच्या नावाच्या आहेत त्यालाच खाऊ देत."

घरी शाम्बेतने सगळं ऐकलं. आधी मोठ्याने हसला. "तरीच म्हटलं, पथ्याचं खाऊन माझं पोट का सुटलं!" पहिली पोळी हसत खाल्ली. दुसरी मोडली आणि हातातच धरून बसला. मग म्हणाला, "एर्निस, सकाळी गाडी काढ."

"डॉक्टर काय म्हणाले ते..."

"कुरणावर नको जायला, वळणापर्यंतच ने. जिवंत आहे हे माणसाने स्वतः जाऊन सांगायचं असतं."

सकाळी माझ्या पाठीवर काहीच नव्हतं. केबिनमध्ये एक म्हातारा आणि त्याचा मुलगा. मी पुलावरून चढ धरला तेव्हा ती टेकाड उतरताना दिसली, एका हाताने वाट चाचपत. शाम्बेत उतरला. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी तपासला, कान, मिशा, सगळं. मग त्याच्या खांद्यावर एक चापट मारली.

"पोराकडून निरोप तरी धाडायचास!"

"धाडला होता, वहिनी. तो इथून पुढे निघून गेला."

मित्रांनो, आता बर्फाने वाट बंद आहे. मी अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे. जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा, झिजलेलं बदला, आमचे दिवस वाढवा. पण आम्हाला डोळे मिटून ओळखणारं कुणीतरी कुठेतरी बसलेलं असतं. त्याच्या दाराशी गाडी थांबवा, चार पावलं चढून जा आणि सांगा, की हा तोच आहे.