वाऱ्याची बाजू

“यंत्र माझ्या दारात लागणार नाही, भावजी!”

धाकटी उंबऱ्यात पदर खोचून उभी राहिली आणि मळणीयंत्र ओढत आणणारा ट्रॅक्टर अंगणातच थबकला.

थोरल्या दिराचं टाळकं सरकलं. “दर साली इथंच लागतं. आजच कुठलं वारं शिरलं अंगात?”

“दर साली सोसलं. ही बाजू आमच्या वाटणीची आहे. तुमच्या दारात लावा.”

“जाऊ दे की,” नवरा पुटपुटला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गेल्या सालची मळणी तिच्या डोक्यात अजून धुमसत होती. पेंढ्या लोटता लोटता छातीवर कुणी धोंडा ठेवल्यागत झालं होतं. श्वास आत जाई, पण बाहेर निघेना. निघालाच तर शिट्टी वाजवत. ती भुशात गुडघ्यावर रांगत होती आणि दीर मजुरांना हसत सांगत होता, “काम दिसलं की हिला दम लागतो. नाटकी नुसती!” जाऊ तोंडाला पदर लावून उभी होती. हसतेय, असंच धाकटीला वाटलं. दोघांवरही तिनं दात धरला.

पुढं दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, “हा दमा. छातीतल्या श्वासाच्या नळ्या सुजतात, आवळतात, त्यात चिकटा साठतो. कुणाला धुळीनं, कुणाला धुरानं, कुणाला गार हवेनं. पहाटेचा खोकला, जड छाती, श्वासाची शिट्टी, ही त्याची लक्षणं. आळस नव्हे, बाई, आजार आहे.” दम लागला की तोंडानं ओढायला औषधाचा पंपही दिला होता.

आजार! त्या दिवशी ती घरी आली ती मनात सूड घेऊनच. मळणीच्या दिवसांत वारा थोरल्याच्या दारातून सरळ त्याच्या घरात घुसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाऊ देत एकदा धूळ!

यंत्र थोरल्याच्या दारात धडधडू लागलं. भुशाचा लोट उठला आणि त्याच्या घरात शिरला. धाकटी खिडकी लावून फटीतून बघत बसली. तिच्या जिवाला थंडावा वाटत होता.

दुपारी जाऊ ओट्यावर आली आणि खांबाला धरून खाली बसली. खांदे वर चढलेले, गळ्याच्या खळग्या आत ओढल्या जात होत्या. “मला... जरा...” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

“ऊठ!” दीर ओरडला. “धाकटीचं बघून तूही नाटकं शिकलीस?”

जाऊनं पदर तोंडाशी नेला. त्याबरोबर धाकटीला उमगलं. गेल्या साली ही हसत नव्हती. खोकला दाबत होती, नवऱ्याच्या भीतीनं.

तरी धाकटी क्षणभर हलली नाही. मग जाऊचे ओठ निळसर दिसले, तशी पंप घेऊन ती धावली. आधी तिनं यंत्र बंद केलं. जाऊला ताठ बसवलं, पंप तोंडाशी धरला. “ओढा, ताई. आता धरून ठेवा. परत ओढा.”

“अगं, मळणी अर्धी...” दीर म्हणाला.

“मळणी गेली चुलीत! ह्या जर गेल्या ना भावजी, तर तुमच्या नावानं गावभर बोंब मारीन. ट्रॅक्टर काढा, दवाखाना गाठा!”

मजुरांदेखत दिराला मान खाली घालावी लागली.

जाऊ वाचली. तिलाही दमाच निघाला, कित्येक वर्षं अंगावर काढलेला. घरी आल्यावर धाकटीनं मनातला सूड तिच्यापाशी कबूल केला, तशी ती म्हणाली, “माझी माफी मागू नकोस. त्यांना मात्र सोडू नकोस.”

उरलेल्या मळणीसाठी दोघींनी मिळून दिराला यंत्र लांबच्या रानात नेऊन लावायला भाग पाडलं. पेंढ्या लोटायला दोघींपैकी कुणी गेली नाही. संध्याकाळी थोरला भुशानं माखून दारात आला, तर जाऊ उंबऱ्यात उभी.

“तिथंच थांबा. धूळ घेऊन आत यायचं नाही. बाहेर अंघोळ करा.”

“बाहेर? भर रस्त्यावर? माणसं बघताहेत!”

“बघू देत.”

गार पाण्याची बादली धाकटीनंच भरून आणली. दिरानं चडफडत सदरा उतरवला. रस्त्यावरची माणसं थांबली, हसली. तिनं तांब्या भरला आणि घाई न करता, सावकाश त्याच्या डोक्यावर ओतला.

“भावजी,” ती म्हणाली, “कानामागं राहिलीय अजून.”