बिनरंगी खेळणी

“त्या फळ्या घेऊन कुठं निघालात?”

“घरी,” काटेवाले म्हणाले. “छंद आहे थोडा. करवतकामाचा.”

“आधी खाली ठेवा त्या.”

फवारणीच्या औषधाच्या कंपनीतून आलेला तपासनीस वयानं अगदी कोवळा होता. सकाळपासून नाकावर मास्क लावून गोदामात फिरत होता, म्हणून हमालांनी त्याची यथेच्छ टर उडवली होती. काटेवाल्यांना वाटलं, फळ्या फुकट नेतोय म्हणून हा हटकतोय. सव्वीस वर्षं गोदामाच्या मोठ्या वजनकाट्यावर बसलेल्या माणसाला कालच्या पोरानं चोर ठरवावं, याची त्यांना गंमत वाटली. त्यांनी हसतच सांगितलं, की साहेबांना विचारूनच नेतोय, मोडकी खोकी नाहीतरी उकिरड्यावर जातात, आणि हे काही आजचं नाही, दीड वर्ष चाललंय.

“दीड वर्ष?” तपासनिसानं मास्क हनुवटीवर ओढला. “काय करता यांचं?”

“खेळणी. तान्ह्या पोरांची.”

तपासनिसानं स्वतः पुढं होऊन त्यांच्या काखेतल्या फळ्या काढून घेतल्या. त्याच्या हातात रबरी मोजे होते, हे काटेवाल्यांच्या आत्ता लक्षात आलं.

“काका, यातून औषधाच्या बाटल्या येतात. वाटेत फुटतात, गळतात. लाकूड पितं ते सगळं. आमच्याकडं या खोक्यांना उघड्या हातानं कोणी शिवत नाही. बंद भट्टीत जाळतात. गोदामाला पत्रक पाठवलं होतं तसं.”

पत्रकं साहेबांच्या टेबलावर येत आणि तिथंच मुक्काम करत. काटेवाल्यांनी फळ्यांकडे बोट केलं.

“धुऊन घेतलं तर?”

“लाकूड धुतल्यानं काय होतंय? आत मुरतं ते.”

“मी पॉलिशपेपर मारतो. तीन-तीनदा मारतो.”

“मग तो भुसा तुमच्याही पोटात गेला असणार. पोरं तोंडात घालतात का ती खेळणी?”

ती खेळणी तोंडात घालण्यासाठीच बनवलेली होती.

घरात त्यांचा तो एकच षोक. बायकोच्या आईचं शिवणयंत्र मोडीत निघालं, तेव्हा त्याचा पायानं चालवायचा लोखंडी सांगाडा त्यांनी ठेवून घेतला आणि त्यावर नक्षी कापायची उभी करवत बसवली. कॅटलॉगमध्ये तिला स्क्रोल सॉ म्हणतात आणि ती विजेवर चालते. यांची पायावर चालायची आणि वेग वाढला की घरभर खडखडायची. दोऱ्याएवढ्या बारीक पात्यांचं एक पुडकं ते वर्षभर पुरवत. पातं तुटलं की लहान तुकडा लहान चौकटीत अडकवून कानाकोपऱ्याची कामं उरकत. ड्रिल नव्हतं, म्हणून भोक पाडायला खिळा तापवत. हत्ती, बदक, मासा, आणि दात येणाऱ्या पोरांसाठी गुळगुळीत कडी, एवढंच ते करत. पण करत ते असं, की हातात घेतल्यावर कुठं टोचेल म्हणून बोट फिरवावं तर बोटच घसरावं.

आणि एक गोष्ट ते हट्टानं पाळत. रंग लावत नसत. बाजारातली खेळणी लाल-पिवळी, यांची मात्र बिनरंगी. “रंग म्हणजे विष,” असं ते खेळणं देताना प्रत्येक आईला बजावत. “हे खुशाल चोखू दे. नुसतं लाकूड आहे.”

आधी ते फळांच्या पेट्यांचं लाकूड वापरत. ते गाठाळ, पाती मोडणारं. दीड वर्षापूर्वी ही नवी खोकी यायला लागली आणि काटेवाले हरखून गेले. पांढरं, मऊ, सरळ रेषांचं लाकूड. पातं कसं सुळकन जायचं. मधूनच एखादी निळसर शीर दिसायची, ती त्यांना फार आवडायची. जरासा गोड वास यायचा. बायको एकदा म्हणाली होती, वास दवाखान्यासारखा येतोय. यांनी तिला उडवून लावलं होतं. परदेशी झाडांना असतो असा वास, म्हणे. त्या झाडाचं नाव यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी ते काटा तसाच उघडा टाकून भरदुपारी घरी गेले. बायको भांडी पुसत होती. त्यांनी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर सांगताच आलं नसतं. वासाची आठवण तिलाही झाली असणार, पण ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. हातातलं पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, “आधी फोन लावा.”

लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. तिची मुलगी आठ महिन्यांची.

“ती कडी कुठंय गं?” काटेवाल्यांनी विचारलं.

“कुठं असणार? तोंडात. चोखत चोखत झोपलीय.” लेक हसली. “तिला उठवू नका हं फोन करून करून, आत्ताच डोळा लागलाय.”

“काढ ती.”

“बाबा, रडेल ती.”

“रडू दे. काढ आधी, मग सांगतो.”

पलीकडून नातीचं रडणं ऐकू येईपर्यंत ते थांबले. मग सांगितलं. लेक एवढंच म्हणाली, “मी डॉक्टरकडे निघते,” आणि फोन ठेवला. बाबा, काळजी करू नका, असं ती एरवी प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायची. आज म्हणाली नाही.

कोणाकोणाला दिलं हे काटेवाल्यांना काही केल्या आठवेना. पण बायकोला सगळं तोंडपाठ होतं. टेलरबाईची नात, पेपरवाल्याची जुळी, कोपऱ्यावरची नर्स, गिरणीवाल्याची सून. ती बोलत गेली आणि त्यांना एकेक चेहरा दिसत गेला, एकेक लाळेनं भिजलेला हत्ती दिसत गेला.

“मी काय म्हणते,” ती खेळणी परत आणायला पिशवी झटकत म्हणाली, “सांगा की पॉलिश करून देतो म्हणून. सगळ्यांना घाबरवून कशाला सोडायचं? तुमचं नाव तरी राहील.”

त्यांनाही ते पटलं. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं ते ऐकून.

टेलरबाईंच्या दारात त्यांनी तसंच सांगितलं. टेलरबाई मशीनवरून उठल्यासुद्धा नाहीत.

“काटेवाले, दिलेली वस्तू परत मागायला लागलात होय?” त्या दोरा दातांनी तोडत म्हणाल्या. “पॉलिश बिलिश काही नको आम्हाला. आणि करायचंच तर पुढच्या आठवड्यात न्या. आत्ता दात येतायत तिला, त्या माशावाचून तिचं पान हलत नाही.”

नात खाली सतरंजीवरच बसली होती. मासा शेपटीकडून अर्धा तोंडात होता आणि ती काटेवाल्यांकडे बघून हसत होती.

“टेलरबाई,” काटेवाले म्हणाले, “विषारी आहे ते लाकूड.”

मशीनचं चाक आपोआप फिरून थांबलं. टेलरबाईंनी झेप घेऊन मासा ओढला. पोर किंचाळली. त्यांनी तिला तसंच उचलून मोरीत नेलं, बोट घालून तिचं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा पदर ओला होता. मासा त्यांनी काटेवाल्यांच्या पिशवीत टाकला, तोही दोन बोटांत धरून.

“तुम्हीच म्हणाला होतात,” त्या म्हणाल्या, “खुशाल चोखू दे.”

त्या भांडल्या असत्या तर निदान ऐकून घेता आलं असतं. टेलरबाईंनी दार लावून घेतलं.

त्यानंतर काटेवाल्यांनी पॉलिशचं नाव काढलं नाही. दार उघडलं की सरळ सांगायचे: लाकूड विषारी निघालं, मला ठाऊक नव्हतं, चूक माझी आहे, मुलाला डॉक्टरकडे न्या. पेपरवाला शिव्या देऊन मोकळा झाला. गिरणीवाला म्हणाला, “तुमच्यासारख्या देवमाणसाकडून ही अपेक्षा नव्हती.” नर्सनं शांतपणे औषधाचं नाव विचारलं, आपल्या मुलाचे डोळे आणि नखं पाहिली, आणि म्हणाली, “तुम्हीही तपासून घ्या, काका. भुसा सगळ्यात वाईट.” त्या बाईनं आपलीही विचारपूस करावी, याची त्यांना इतकी लाज वाटली की ते आभार न मानताच जिना उतरले. मध्येच लेकीचा फोन आला. डॉक्टरांना आत्ता तरी काही दिसत नाही, रक्त तपासायला घेतलंय. नात सुईला फार रडली म्हणाली.

संध्याकाळी ते पोस्टमनच्या घरासमोर येऊन थांबले.

बायकोनं हे घर सगळ्यात शेवटी सांगितलं होतं, तेही खाली मान घालून. पोस्टमनचा पहिला मुलगा मागल्या थंडीत गेला होता. चौदा महिन्यांचा होता. तीन दिवस ताप आला आणि गेला. डॉक्टरांना नीट निदान करता आलं नाही. त्या पोराला काटेवाल्यांनी बदक दिलं होतं. आता घरात चार महिन्यांची मुलगी होती.

कदाचित ते बदक फळांच्या पेटीचं असेल. काटेवाले रस्ताभर हेच घोकत आले होते. कधी दिलं ते, खोकी यायच्या आधी की नंतर, काही केल्या जुळत नव्हतं. बदक पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

पोस्टमनच्या बायकोनं दार उघडलं. कडेवर मुलगी होती.

“या काका. हे अजून यायचेत. पाणी देऊ?”

“नको ताई. ते... बदक आहे का अजून? बघायचं होतं जरा.”

तिनं काही विचारलं नाही. आतून बदक घेऊन आली. “हिच्या पाळण्यात ठेवते हल्ली,” ती म्हणाली. “दादाचं आहे म्हणून सांगते. परवापासून हातात धरायला लागलीय.”

काटेवाल्यांनी बदक खिडकीपाशी नेलं. चोचीला बारीक खड्डे पडलेले होते. चार दातांचे. लाकूड हातांनी काळवंडलं होतं, काही ओळखू येईना. त्यांनी ते उलटं केलं. पोटाखालून शेपटीपर्यंत निळसर शीर गेली होती.

ते न विचारताच खुर्चीवर बसले. खोटं बोलायला जागा होती. लाकडाला कीड लागलीय म्हणता आलं असतं. बदक नेता आलं असतं, मुलगी वाचली असती, आणि हिच्या डोक्याला हा भुंगा लागला नसता. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना टेलरबाई आठवल्या. खोटं बोललो तर ही म्हणेल, असू दे कीड, मला हवंय. का हवंय तेही कळत होतं.

त्यांनी सांगितलं. कंपनी, खोकी, बाटल्या, शीर. सांगताना ते जमिनीकडे बघत होते.

तिनं मुलीचं डोकं खांद्यावर टेकवलं.

“त्याच्यामुळं?” तिनं विचारलं.

“मला माहीत नाही.”

“तापानं गेला म्हणाले ते.”

“असेलही ताई. नसेलही. मला खरंच माहीत नाही. मी नाही म्हणालो तर ते खोटं होईल.”

काटेवाल्यांना वाटलं, हिनं हातात येईल ते फेकून मारावं. त्यांनी पिशवीचं तोंड उघडून पुढं धरलं, तर तिनं मान हलवली.

“ते नाही देणार मी. दात आहेत त्याचे त्यावर.”

“ताई, ही लहान आहे...”

“कळतंय मला.”

ती फळीवरून काचेची मोठी बरणी खाली घेऊ लागली. एका हातानं बरणी, दुसऱ्या कडेवर मुलगी. त्यांच्या मांडीवरचं बदक उचलून रुमालात गुंडाळून आत टाकलं, पण झाकण काही केल्या फिरेना. दोनदा फिरवलं, दोनदा निसटलं. तिनं दाराकडे पाहिलं. नवरा यायला अजून वेळ होता. मग काटेवाल्यांकडे पाहिलं.

“मोरीत साबण आहे,” ती म्हणाली. “हात धुऊन या.”

त्यांनी हात धुतले. कोपरापर्यंत धुतले, नखांत साबण घालून धुतले, नखं दुखेपर्यंत धुतले. परत आले तेव्हा तिनं मुलगी पुढं केली.

“हिला धरा जरा. मला दोन्ही हात लागतील.”

काटेवाल्यांनी मुलगी घेतली. ती कोमट होती आणि वाटली त्यापेक्षा जड. घेताच सवयीनं त्यांनी तिला छातीशी धरायला हात आखडले आणि मध्येच थांबवले. फळ्या काखेत धरल्या होत्या तोच शर्ट अंगात होता. त्यांनी हात ताठ केले आणि तिला अंगापासून लांब, हवेत धरून ठेवलं. दंडांना कळ लागली. तिकडे तिची आई बरणीचं झाकण आवळत होती, पुसत होती, पुन्हा आवळत होती. तिचं होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.