सावित्रम्मांची भाकरी आणि मी लिहिलेली अक्षरे

मित्रांनो, माणसांच्या हिशोबाने मी अजून दुसरीच्या वर्गात बसायला हवा. पण आम्हा टॅबच्या जातीत सात वर्षे म्हणजे म्हातारपण. सोलापुरातल्या एका शाळेचा मी जुना टॅब आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे. चार्जरची पिन जरा वाकडी धरली, तरच माझ्या पोटात काही जाते.

मी शाळेत आलो त्या दिवशी माझी पूजा झाली. कुणीतरी भक्तिभावाने नेमके माझ्या कॅमेऱ्यावरच कुंकू लावले. पुढचे आठ दिवस मी काढलेल्या प्रत्येक फोटोत मुख्याध्यापिका बाई संतापून लालबुंद झाल्यासारख्या दिसत होत्या. मग कौतुक ओसरले. दोन वर्षे मी कपाटात विज्ञानाच्या तक्त्यांखाली पडून होतो. अख्खी पचनसंस्था माझ्या छातीवर होती.

तिथून मला कुंडलिक सरांनी बाहेर काढले. नववीच्या मुलांना त्यांनी प्रकल्प दिला : घरातल्या एखाद्या माणसाचे काम तीन मिनिटांत दाखवायचे. चित्र, आवाज आणि खाली बोलण्याची मराठी अक्षरे, सगळे हवे. मी महानंदा आणि युवराज या जोडीच्या वाट्याला आलो.

युवराज करकंब गावचा. शिकायला मामाकडे राहिलेला. महानंदा इथलीच. तिच्या घरी कानडी बोलतात, पण शाळेत ती कानडीचा एक शब्द काढत नसे. पाचवीत एकदा तिने चुकून बाईंना ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हटले होते. वर्ग आठवडाभर हसला. त्या दिवसापासून ती भाषा तिने घरीच ठेवली होती.

तिची आजी सावित्रम्मा कडक भाकरी करण्यात पटाईत. तिच्या घरी मला पिठाच्या डब्याला टेकवून उभे केले. आजींनी पदर सावरला आणि पासपोर्टच्या फोटोसाठी बसतात तशा ताठ बसून राहिल्या.

“आज्जी, हालायचं बी की!” युवराज म्हणाला. “ह्यो फोटू न्हाय, पिच्चर हाय.”

मग आजी अशा हालल्या, की माझ्या तोंडाकानात मूठभर पीठ गेले. हाताने भाकरी थापत त्या कानडीत समजावत होत्या. महानंदा मात्र त्यांच्याशी मराठीतच बोलत राहिली. युवराज समोर होता ना!

आता अक्षरे लिहायची होती. ती महानंदाने लिहायला हवी होती, पण शाळेत बसून कानडी ऐकायची तिला लाज वाटली. युवराज म्हणाला, “ऱ्हाऊ दे की. ह्यो टॅबच ऐकून लिहितोय.”

मी फुगून गेलो. मला फक्त मराठी लावून दिली होती. त्याआधी कानडी मी जन्मात ऐकली नव्हती. पण मित्रांनो, ‘मला येत नाही’ असे म्हणायला मला कुणी शिकवलेच नव्हते. मी ठोकून दिले, आणि कुणी ते तपासून पाहिले नाही.

शनिवारी सकाळी शाळेत पालक जमले. आजी इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या. पडद्यावर त्यांचे हात दिसले. आवाज आला, “स्वल्प नीरु हाकु.” म्हणजे थोडे पाणी घाल. खाली माझी अक्षरे उमटली :

‘स्वप्ना, नीरू, काकू.’

“या तिघी कुठे दिसत नाहीत?” मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा वर केला. आजी म्हणाल्या, “साकु, साकु.” पुरे, पुरे. मी लिहिले, ‘सासू, सासू.’ सभागृहात हशा पिकला. एका पालकांना तर ठसका लागला.

आजींना मराठी अक्षरे वाचता येत नव्हती. पडद्यावर आपण आणि मागे हसणारे लोक, एवढेच त्यांना कळले. त्यांनी पदर ओढला, अर्ध्या उठल्या आणि हळूच विचारले, “ना एन तप्प माडीनि?” माझे काय चुकले?

ते समजणारे तिथे बरेच होते. पण उत्तर एकीनेच द्यायचे होते.

महानंदा उठली. तिचे कान लाल झाले होते. “तप्प निंदल्ल, अज्जी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. “नम्मदु.” मग लोकांकडे वळून मराठीत म्हणाली, “आजीचं काही चुकलं नाही. आमचं चुकलं. युवराज, पहिल्यापासून लाव. आणि ती अक्षरं बंद कर.”

चित्रफीत पुन्हा सुरू झाली. महानंदा पडद्याशेजारी उभी राहून एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. पण आजी गप्प बसतात थोड्याच! “एवढं पाणी नव्हे,” असे त्या कानडीत दटावत. महानंदा कानडीतच भांडे, आणि ते भांडणही मराठीत करून सांगे. तीन मिनिटांची चित्रफीत वीस मिनिटे चालली. लोक पुन्हा हसले, पण आता आजीच सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या.

सोमवारी दोघे मला घेऊन बसले. महानंदा सांगायची, युवराज एका बोटाने माझ्यावर नवी अक्षरे लिहायचा. “साकु मंजी बास व्हय? लई सोपंय की,” म्हणत त्याने कानडी शब्दांनी अर्धी वहीही भरली.

मित्रांनो, माझ्या कानातले पीठ मऊ ब्रशने झाडा, माझी पिन हिसकू नका. आणि मी कितीही ठामपणे काही लिहिले, तरी ज्याचे बोलणे आहे त्याला एकदा विचारा.

शेवटी महानंदाने माझ्यातली भाषांची यादी उघडली. मराठीच्या खाली, बरीच खाली, कन्नड होती. सात वर्षे ती माझ्या पोटातच होती. तिने बोट ठेवले, आणि मी पहिल्यांदाच नीट ऐकू लागलो.